एकच इंजेक्शन द्या, डॉक्टर

गेल्या महिन्यात काळपुळीवर चार ओळी लिहिल्या आणि टपालाची पिशवी फुगली. पत्रांतली निम्मी माणसं एकच मागतायत: एकदा टोचा आणि मोकळं करा. मी सोलापूरच्या पूर्व भागात २८ वर्षं सर्जन म्हणून बसते. ही मागणी मला रोज तेलुगूत, कन्नडात आणि मराठीत ऐकू येते, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. या वेळी इतर विषय बाजूला ठेवून हीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. आषाढी एकादशीच्या आठवड्यात त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला, हुडहुडी भरून ताप आला. इथल्या एका खासगी दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. दिवसातून तीनदा शिरेतून इंजेक्शन, सुई निघाली की दुसऱ्या हाताला. त्याच महिन्यात न्यू जर्सीला असलेल्या माझ्या दिरांना अगदी असंच झालं. संध्याकाळी ते तिथल्या इमर्जन्सीत गेले, अर्ध्या तासात एक बाटली चढवली आणि रात्री घरी. नंतर एक गोळीसुद्धा नाही. ते आता फोनवर म्हणतात, "वहिनी, बाबांना तिकडे उगाच अडकवून ठेवलं." खरं आहे का? — विजापूर रोड

उत्तर : ताई, अर्ध्या तासाची बाटली म्हणताय त्यावरून दिरांना डाल्बाव्हॅन्सिन दिलं असावं. त्याच्या जोडीचं दुसरं औषध ओरिटाव्हॅन्सिन, पण ते मुळात तीन तास चालवावं लागायचं. दोन्ही औषधं २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि ती नेमकी याच दुखण्यासाठी: जिवाणूंमुळे त्वचेला आणि तिच्याखालच्या मऊ भागाला झालेला मोठा संसर्ग. 'मोठा' म्हणजे किती, तेही चाचण्यांसाठी ठरवलेलं आहे. लाली, सूज किंवा कडकपणा किमान ७५ चौरस सेंटिमीटर, साधारण बोटं सोडून आपल्या तळहाताएवढा. डाल्बाव्हॅन्सिन आधी दोनदा द्यायचे, पहिल्या दिवशी १००० मिलिग्रॅम आणि आठवड्याने ५००. २०१६ पासून १५०० मिलिग्रॅम एकदाच दिलं तरी चालतं. मी स्वतः ते आजवर कुणाला दिलेलं नाही, हे आधीच सांगते. पण त्यावरचे पेपर बारकाईने वाचले आहेत, कारण माझ्या पेशंटांना 'उद्या परत या' म्हणणं किती महाग पडतं ते मी रोज बघते.

हे औषध इतके दिवस टिकतं कसं? आपल्या गावात हे समजावायला सोपं आहे. कच्चा रंग पहिल्याच धुण्यात पाण्यात उतरतो, पक्का रंग सुताला धरून बसतो आणि चादर वर्षानुवर्षं धुतली तरी थोडा थोडाच जातो. डाल्बाव्हॅन्सिनच्या रेणूला एक तेलकट शेपटी जोडलेली आहे. तिच्यामुळे रक्तात गेलेल्या औषधातला सुमारे ९३ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो. मूत्रपिंडाला तो लगेच गाळून टाकता येत नाही. चिकटलेला साठा हळूहळू सुटत राहतो आणि सुटलेला भाग जिवाणूंवर काम करतो. तुमच्या सासऱ्यांना दिलेल्यांपैकी बरीचशी इंजेक्शनं काही तासांत लघवीवाटे निघून जातात, म्हणून ती दिवसातून तीन-चारदा द्यावी लागतात. हे एकदा दिलं की दोन आठवडे पुरतं.

याचं घराणं मला फार आवडतं. सगळ्यात थोरलं व्हॅन्कोमायसिन. ते बोर्निओच्या जंगलातल्या मातीतल्या जिवाणूपासून निघालं आणि १९५८ पासून वापरात आहे. मधलं टायकोप्लॅनिन, ते आपल्याकडे सर्रास मिळतं. ते बनवणारा जिवाणू इटालियन शास्त्रज्ञांना कुठल्या मातीत सापडला असेल? इंदूरजवळच्या निमोडी गावच्या! होळकरांच्या इंदूरची माती मिलानच्या प्रयोगशाळेत गेली आणि औषध होऊन आपल्या शिरांत परत आली. डाल्बाव्हॅन्सिन हा या टायकोप्लॅनिनचा जवळचा नातलग, शेपटी निसर्गाचीच आणि बाकीचा रेणू प्रयोगशाळेत थोडा बदलून घडवलेला. हे सगळं घराणं जिवाणूची भिंत बांधू देत नाही. भिंतीच्या विटा जिथे सांधल्या जातात तिथेच ही औषधं ठाण मांडून बसतात.

आता दिरांचा मुद्दा. ज्या मोठ्या चाचण्यांवर हे औषध मंजूर झालं, त्यांत एका गटाला डाल्बाव्हॅन्सिन दिलं. दुसऱ्या गटाला किमान तीन दिवस शिरेतून व्हॅन्कोमायसिन दिलं आणि मग हवं तर लिनेझोलिडच्या गोळ्यांवर आणलं. दोन-तीन दिवसांनी पाहिलं, की लाली पसरायची थांबली का, ताप उतरला का. दोन्हीकडे शंभरातले साधारण ऐंशी. म्हणजे दिरांचा पाय जास्त लवकर किंवा जास्त चांगला बरा झाला, असं नाही. त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि हाताच्या सुया वाचल्या. तेही काही थोडं नाही, पण त्या एका बाटलीचे तिकडे काही हजार डॉलर पडतात. विम्याने भरले असतील म्हणून बोचले नसतील.

सासऱ्यांबद्दल माझं मत विचाराल तर अडकवून ठेवलं हे अर्धं खरं. मात्र ती जादूची बाटली मिळाली नाही, हे त्याचं कारण नाही. पू नसलेला, लाल, गरम, तुकतुकीत पाय म्हणजे बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकसचं काम. आपल्या आज्या याला धावरं म्हणायच्या आणि गेरू लावायच्या. हा जिवाणू अजूनही साध्या पेनिसिलिनच्या कुटुंबातल्या औषधांनी मरतो. ताप उतरला, लाली मागे सरायला लागली, जेवण जायला लागलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिरेतलं थांबवून गोळ्यांवर आणता येतं. ७१ वय आणि हुडहुडी भरलेली, तेव्हा पहिले दिवस दाखल करणं योग्यच होतं. "आता गोळ्या चालतील का?" हे चौथ्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं. डॉक्टरांनी नाही विचारलं तर नातेवाइकांनी विचारावं. आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारावं.

आणि दिरांना एक निरोप द्या. ज्याची सोय तीच त्याची अडचण. साध्या गोळीने अंगावर पित्त उठलं तर ती थांबवता येते. ही बाटली एकदा आत गेली की काढून घेता येत नाही, डायलिसिसनेही ती फारशी निघत नाही. म्हणून ज्याला व्हॅन्कोमायसिनच्या घराण्याची गंभीर ॲलर्जी आहे त्याने ते आधी ओरडून सांगितलं पाहिजे. ओरिटाव्हॅन्सिनची आणखी एक खोड आहे. ते दिल्यावर पाच दिवसांपर्यंत रक्त गोठण्याची एक तपासणी चुकीची येते, त्यामुळे ज्याला शिरेतून हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, लागणार त्याला ते देत नाहीत. शिवाय आपल्याकडे शिरेतून काहीही चढवलं की ते 'सलाईन' असतं, पण डाल्बाव्हॅन्सिन आणि मूळचं, तीन तासांचं ओरिटाव्हॅन्सिन सलाईनमध्ये मिसळायची नसतात. मिठाच्या पाण्यात त्यांचा साका होतो, म्हणून ती ग्लुकोजच्या पाण्यातून देतात. माझ्या सिस्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग पेशंटला काय सांगायचं, मॅडम, आज सलाईन नाही, सरबत आहे?"

प्रश्न : मी यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत काम करतो. वय ३४. दीड वर्षात पाच वेळा गळवं झाली: काखेत दोन, मांडीला दोन, मानेवर एक. प्रत्येक वेळी मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणतो, तेवढ्यापुरतं बसतं. आता मांडीला बेंड आलंय, ठणका आहे आणि जांघेत अवधाण आलंय. दवाखान्यात गेलो तर खाडा पडतो. पंधरा दिवस अंगात राहणारं इंजेक्शन निघालंय असं मोबाइलवर वाचलं. ते द्याल का? — नीलम नगर

उत्तर : नाही देणार, दादा. आणि का नाही हे ऐकलंत तर तुमचा खाडा वाचेल.

बेंड म्हणजे पुवाची बंद कोठडी. तिच्या आत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे रक्तातून फिरणारं औषध भिंतीपर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. ते औषध पाच तास रक्तात राहो नाहीतर पंधरा दिवस, आत पू आहे तोवर ठणका राहणार. कोठडीला दार पाडावं लागतं. जागा बधिर करून चिरा द्यायचा, पू काढायचा, आतले पापुद्रे मोडायचे, धुवायचं, ड्रेसिंग करायचं. हे वीस मिनिटांचं काम आहे. पू सुटला की माणसाचा चेहरा तिथल्या तिथे बदलतो. आमच्या धंद्यात इतकं ताबडतोब समाधान दुसऱ्या कशात नाही. छोटं गळू तेवढ्यानेच बरं होतं. मोठं असेल, भोवती लाली पसरली असेल, ताप असेल किंवा साखर असेल तर जोडीला गोळ्याही लागतात. तुमच्या जांघेत अवधाण आलंय, तेव्हा तुम्हाला लागतील असं दिसतं. आज-उद्या जा. रात्रपाळी असेल तर सकाळी जाऊन या.

तोवर गरम पाण्याचा शेक चालेल, गव्हाच्या पिठाचं पोटीसही चालेल. बिब्बा लावू नका. पिळूही नका. दोन महिन्यांपूर्वी एक जण गळवावर बिब्बा लावून आला होता. गळू वाटाण्याएवढं आणि भाजलेली जागा भाकरीएवढी. गळवाचा इलाज दोन मिनिटांत झाला, बिब्ब्याचा सहा आठवडे चालला.

पाच वेळा का झालं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो विचारलेला नाही. गळवं करणारा जिवाणू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात तो गुपचूप मुक्कामाला असतो. तिथून बोटांवर, बोटांवरून काखेत, मांडीवर. घाम, मागाचं तेल, अंगाला चिकटलेली कापसाची पीस आणि वर दिवसभर घासणारी पँट, एवढं मिळालं की तो केसाच्या मुळाशी घुसतो. घरात अजून कुणाला केसतूड होतात का ते बघा. मग मला सांगा, घरात टॉवेल किती? जगाला टॉवेल पुरवणारं आपलं गाव, आणि पाच माणसांच्या घरात दोरीवर एकच टॉवेल लटकलेला मी कितीदा पाहिलाय. प्रत्येकाचा वेगळा टॉवेल, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेला. सोलापुरात उन्हाची तरी टंचाई नाही. पाळी संपली की साबण लावून आंघोळ करा आणि तेलाचे कपडे दुसऱ्या दिवशी परत घालू नका. रेझर दुसऱ्याचा वापरू नका.

एवढं करूनही झालं तर डॉक्टर पाच दिवस नाकात लावायचं मुपिरोसिन मलम आणि अंग धुवायला क्लोरहेक्सिडिनचं द्रावण देतात, ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचं असतं. एकट्याने केलं तर आठवड्यात पाहुणा परत. आणि रक्तातली साखर तपासा. ३४ म्हणजे लहान वय नव्हे. वारंवार गळवं झाली म्हणून तपासलं आणि मधुमेह निघाला, असे माझ्याकडे दर महिन्याला दोघे-तिघे तरी असतात.

चिरा देताना डॉक्टरांना म्हणा, पू कल्चरला पाठवा. मेडिकलमधून पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दीड वर्ष घेतल्यावर तुमचा स्टॅफ कोणत्या औषधाला जुमानतो हे अंदाजाने सांगता येणार नाही. मेथिसिलिनला न जुमानणारा, ज्याला आम्ही एमआरएसए म्हणतो तो निघाला, तर त्यावरही औषधं आहेत, आणि काही साधी, स्वस्त आहेत. महागडी नवी लगेच लागतीलच असं नाही. (नव्यांतलं एक आपल्या मराठवाड्यात घडलंय: लेव्होनाडिफ्लॉक्सासिन. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातलं, २०२० मध्ये आपल्याकडे त्वचेच्या अशाच संसर्गासाठी मंजूर झालेलं. ते मात्र दिवसातून दोनदा घ्यायचं औषध आहे, लांब पल्ल्याचं नव्हे. ते राखीव ठेवायचं असतं, काखेतल्या प्रत्येक गळवावर उधळायचं नसतं.)

प्रश्न : माझ्या बायकोच्या उजव्या पायाला वीस वर्षांपासून हत्तीरोग आहे. वर्षातून चार-पाच वेळा थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन फुगतो, आठ दिवस ती उठत नाही. ती विड्या वळते, तेवढे दिवस काम बुडतं. आता डॉक्टर दर २१ दिवसांनी कमरेत एक पांढरं इंजेक्शन देतात. फार दुखतं. शेजारीण म्हणते याने किडनी जाते. किती दिवस घ्यायचं? अंगातले जंतू मेले नाहीत का अजून? — विडी घरकुल, कुंभारी

उत्तर : काका, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. बाकी सगळे अमेरिकेतलं लांब पल्ल्याचं इंजेक्शन मागतायत, आणि तुमच्या घरात त्याचं थोरलं भावंड आधीच येऊन बसलंय.

ते पांढरं, दुधासारखं इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन. दुकानात पेनिड्युअर म्हणून ओळखतात, १२ लाख युनिटची बाटली. १९५० च्या दशकापासून वापरात आहे. यात तेलकट शेपटीचा खेळ नाही, युक्ती फार साधी आहे. पेनिसिलिनला अशा क्षारात बांधलंय की ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कमरेच्या स्नायूत त्याची एक गुठळी बसते आणि तीन ते चार आठवडे थोडं थोडं विरघळत राहते. रक्तात मिळणारं प्रमाण अगदी कमी असतं. पण स्ट्रेप्टोकोकस पेनिसिलिनपुढे इतका दुबळा आहे की तेवढं त्याला पुरतं. ऐंशी वर्षं झाली तरी हा जिवाणू पेनिसिलिनला सरावलेला नाही. स्टॅफ कधीच सरावला, म्हणून वरच्या नीलम नगरच्या दादांना याचा उपयोग नाही. लहानपणी सांधे सुजून हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांनाही हेच इंजेक्शन वर्षानुवर्षं देतात.

दुखतं, कारण ते घट्ट असतं आणि सुई जाड लागते. बाटली फ्रीजमधली असेल तर हातात धरून कोमट करायला सांगा आणि सावकाश टोचायला सांगा. पाय सैल सोडायचा. शिरेत हे चुकूनही जाता कामा नये, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. पेनिसिलिनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल, तर ते आधी सांगायचं. किडनीचं म्हणाल तर एवढ्या डोसाने ती जात नाही. शेजारणीला म्हणावं, किडनीला धोका त्या अंगदुखीच्या गोळ्यांचा जास्त, ज्या ती तुमच्या बायकोला ठणका लागला की देत असेल.

आता 'जंतू मेले नाहीत का' हा प्रश्न. आपला जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. डासातून आलेल्या कृमींनी रसवाहिन्या बिघडवल्या त्या वीस वर्षांपूर्वी. ते कृमी केव्हाच मेले असतील. सरकार वाटतं त्या गोळ्या कृमींसाठी असतात, त्या जरूर घ्या, पण हा थंडीताप कृमींचा नाही. रस वाहून नेणारी गटारं तुंबली, पायात पाणी साचलं, आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून, टाचेच्या भेगांतून साधा स्ट्रेप्टोकोकस आत शिरला की साचलेल्या पाण्यात त्याला रान मोकळं. प्रत्येक झटक्यात राहिलेल्या रसवाहिन्याही खराब होतात आणि पाय आणखी जाड होतो. मग पुढचा झटका आणखी सोपा.

किती दिवस घ्यायचं? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पायाला वारंवार असा संसर्ग होणाऱ्या २७४ जणांवर एक चाचणी झाली, २०१३ मध्ये छापून आली. निम्म्यांना वर्षभर पेनिसिलिनच्या गोळ्या रोज दोनदा दिल्या, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. वर्षभरात परत त्रास झाला तो गोळ्यांवाल्यांत २२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ३७ टक्क्यांना. फायदा झाला. पण गोळ्या बंद केल्यावर तो फायदा विरून गेला, दोन्ही गट सारखेच. तिथे गोळ्या होत्या, तुमच्याकडे इंजेक्शन आहे, पण औषध तेच आणि धडाही तोच. माझ्या पेशंटांना मी सहसा एक-दोन वर्षं देते आणि त्या मुदतीत पायाची शिस्त लावून घेते. औषध कुंपण घालतं, पण दार बंद करायचं काम पाय धुण्याचं.

पाय धुणं म्हणजे नळाखाली धरणं नव्हे. रोज रात्री साबण लावून, प्रत्येक घडी आणि प्रत्येक बेचका बोटाने चोळून धुवायचा. मग मऊ कापडाने टिपून कोरडा करायचा. बोटांच्या मध्ये ओल राहिली तर धुतलं ते वाया. चिखल्या दिसल्या तर बुरशीचं मलम, भेगांना व्हॅसलीन. दिवसा विड्या वळताना पाय खाली दुमडून बसायच्या ऐवजी समोर पाटावर किंवा उशीवर लांब करून बसायचं. हे मी वळणाऱ्या बायकांना सांगते तेव्हा त्या हसतात. मांडीवरचं सूप कसं सांभाळायचं? मग एकीने युक्ती काढली. पाय सतरंजीच्या वळकटीवर लांब केला आणि सूप शेजारी पाटावर ठेवलं. पहिला आठवडा विड्या कमी झाल्या, मग हात बसला. तिचे झटके वर्षाला सहावरून एकावर आले, आणि त्यात माझ्या इंजेक्शनाचा वाटा किती आणि वळकटीचा किती हे मला सांगता येणार नाही.

प्रश्न : वडिलांना १५ वर्षांपासून मधुमेह. अंगठ्याला कुरूप होतं, ते त्यांनी ब्लेडने कापलं. आता अंगठा काळा-निळा पडलाय, वास येतोय, पण ते म्हणतात दुखत नाही. ते ॲडमिट व्हायला तयार नाहीत. लांब मुदतीचं एखादं इंजेक्शन घरी येऊन देता येईल का? — जुळे सोलापूर

उत्तर : नाही. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तुम्ही त्यांना नेलं असेल अशी आशा आहे. तुमचं पत्र वाचल्या दिवशीच संपादकांना तुम्हाला फोन करायला सांगितलं होतं. दुखत नाही ही चांगली बातमी नाही, मज्जातंतू मेल्याची खूण आहे. वास आणि काळेपणा म्हणजे मांस मरतंय. डाल्बाव्हॅन्सिनसारखी औषधं स्टॅफ, स्ट्रेप्टो या एका बाजूच्या जिवाणूंवरच चालतात. मधुमेहाच्या चिघळलेल्या पायात आपल्याकडे स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ई. कोलाय अशी दुसऱ्या बाजूची फौजही असते आणि तिला ही औषधं शिवतसुद्धा नाहीत. मेलेलं मांस काढावं लागतं, पायाचा रक्तपुरवठा बघावा लागतो, एक्स-रेत हाड बघावं लागतं, साखर ताब्यात आणावी लागते. यातलं काहीही घरी होत नाही. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला न्या. आज अंगठ्यावर भागेल. आठ दिवसांनी घोट्यावर बोलावं लागेल.

प्रश्न : माझ्या पायावरची लाली औषध सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी वाढली. औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलू का? — साखर पेठ

उत्तर : थांबा. बॉलपेन घ्या आणि लालीच्या कडेने रेघ मारा, शेजारी तारीख-वेळ लिहा. पहिल्या दिवसात लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते. जिवाणू मरताना सूज वाढते, म्हणजे औषध हरलं असं नाही. ४८ तासांनंतरही सरकतेय, ताप हटत नाही, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा. नव्या डॉक्टरला आधीची रेघ कुणी मारली ते माहीत नसतं. मात्र दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल, पाण्याचे फोड येत असतील, दाबल्यावर चरचर लागत असेल, माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, तर ४८ तास नाही, ४८ मिनिटंही थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६३, साखर गोळ्यांवर. दर कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालत जातो. गेल्या वर्षी फोड फुटून पाय पिकला, तीन आठवडे गेले. या वर्षी निघण्याआधीच ते दोन आठवडे टिकणारं इंजेक्शन घेतलं तर? — बाळीवेस

उत्तर : गुरुजी, तर्क म्हणून तुमचा प्रश्न शंभर नंबरी आहे. चुकतो तो असा: इंजेक्शन फोड येऊ देणार नाही असं नाही, फोड फुटू देणार नाही असंही नाही. जखमेत रस्त्यावरची माती गेली तर त्यातले ज्यांच्यावर हे औषध चालत नाही तेच जिवाणू मोकळ्या रानात वाढतील. आणि यात्रा एका रात्रीची, औषध मात्र शरीरात कित्येक आठवडे ओसरत राहणार. शेवटी शेवटी ते इतकं पातळ होतं की जिवाणू मरत नाहीत, नुसते सराव करतात. निरोगी माणसाला निव्वळ चालण्याआधी असं औषध देणारा डॉक्टर मिळाला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

तुमच्या पायात सुईची टोच, गरम-गार नीट कळतं का ते आधी तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. कळत नसेल तर अनवाणी अजिबात नाही. कळत असेल तरी माझं मत विचाराल तर जुने, सरावाचे बूट आणि सुती मोज्यांचे दोन जोड घ्या, एक भिजला की दुसरा. बूट आई भवानीच्या पायरीशी काढा, तिथे अनवाणी जा. ४५ किलोमीटर डांबरावरून पाय सोलून गेल्याने नवस जास्त फिटतो असं मला कुठल्या पुजाऱ्यानेही सांगितलेलं नाही. फोड आलाच तर फोडू नका. आपोआप फुटला तर वरची कातडी कापू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं ड्रेसिंग करा आणि चालणं तिथेच थांबवा. रस्त्यावर मंडळांचे चहा-फराळाचे मांडव असतात, बरेचदा औषधोपचाराचंही टेबल असतं, तिथे लाजू नका.

थांबायची लाज वाटू नये म्हणून सांगते. गेल्या कोजागिरीला मीही निघाले होते, नव्या बुटात. तामलवाडीला टाचेला फोड आला आणि उरलेला रस्ता मी एसटीने गेले. दर्शन झालं.